खिळ्यावरचं लुगडं

दिवाळी सरली की आमच्या वाशीमच्या रस्त्यांवरच्या बाभळींना कापूस लागतो. झाडाला तो येत नाही, गाड्यांचा लागतो. कापसाच्या गाड्या दाबून दाबून भरलेल्या असतात, वळणावर त्या बाभळीला घासून जातात आणि काटे आपला वाटा ठेवून घेतात. परवा सकाळी फिरायला निघालो तर नाक्यापासून जुन्या जिनापर्यंत, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यापर्यंत, सगळी झाडं पांढरी झालेली. माझ्यासोबतचे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, ‘‘काय सुंदर दिसतं, नाही?’’ मला खोकला आला. कापूस नुसता डोळ्यांनी पाहिला तरी मला खोकला येतो. डॉक्टर म्हणतात की तुमच्या छातीत काही नाही, डोक्यात आहे. असेल. डोक्यात बरंच काही आहे.

लढाईच्या दिवसांत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, मी त्या जिनात तेलवाला होतो. तेलवाला म्हणजे तेल विकणारा नव्हे, यंत्राला तेल घालणारा. जिनाला दोन मजले असतात असं म्हटलं तर वरच्याला मजला म्हणता येईल, खालच्याला नाही. वर लाकडी फळ्यांचा चौथरा, त्यावर रेच्यांची, सरकी वेगळी करायच्या यंत्रांची, रांग. प्रत्येक रेच्यापाशी एक बाई. ती ओंजळी ओंजळीने कापूस रुळापुढे सारायची, रुई पुढे पडायची आणि सरकी खाली. खाली म्हणजे माझ्या डोक्यावर. फळ्यांखाली एक लांबच लांब लोखंडी दांडा गरगर फिरत असायचा. त्याच्यावरून चामड्याचे पट्टे निघत, फळ्यांतल्या भोकांमधून वर जात आणि एकेक रेचा फिरवत. मी वाकून, कधी रांगत, त्या दांड्याच्या कडेने तेलाची बुधली घेऊन हिंडायचो. अंधार, सरकीचा मारा, तेलाचा वास, आणि वरून झिरपणारी पांढरी धूळ. दुपारच्या भोंग्याला बाहेर आलो की माझ्या पापण्या पिकलेल्या दिसायच्या. तेव्हा मी पंचविशीतला होतो.

खालून बायांची तोंडं दिसत नसत. फळ्यांच्या फटींतून पावलं तेवढी दिसत. मी साऱ्या रांगेला पावलांनी ओळखायचो. गिरजाअक्काच्या, माझ्या थोरल्या बहिणीच्या, टाचांना भेगा होत्या आणि त्या भेगांमध्ये मळ्याची काळी माती कायमची बसलेली होती. आमचे दाजी माळी. गावाला लागून विहिरीवरचा लहानसा मळा, त्यात वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. अक्का पहाटे मोटेमागे उभी राहायची आणि उजाडल्यावर जिनात यायची. तिच्या शेजारच्या रेच्यावर हलिमाबी. हिच्या पायात जोडवी नसत, आणि खोकल्याची उबळ आली की ती उजव्या पायाची बोटं फळीवर घट्ट आवळून धरायची. बोटं आवळली की मी समजायचो, आता अक्काची पावलं सरकणार. आणि ती सरकायचीच. अक्का एक पाय हलिमाच्या रेच्यापुढे टाकायची आणि हलिमाचा खोकला संपेपर्यंत दोन्ही रेचे एकटी भरवायची.

हे कोणी शिकवलं नव्हतं. आमच्याकडे शेतात वारंगुळा असतो, आज तुम्ही माझ्या वावरात राबा, उद्या मी तुमच्या. बायांनी तोच जिनात आणला होता. पण त्यातली खरी मोलाची गोष्ट दुसरीच होती. रेचा भरवताना बाईचे दोन्ही हात आणि दोन्ही डोळे रुळावर असतात. डोक्यावरचा पदर घसरला, कमरेचा ओचा सुटला, तर तिला स्वतःला कळत नाही. आणि बाजूला तो पट्टा पळत असतो. म्हणून रांगेत एक रीत पडली होती की ज्या त्या बाईने शेजारणीच्या पदरावर नजर ठेवायची. अधूनमधून मान वळवायची, आणि पदर सुटलेला दिसला की ओरडायचं, ‘‘पदर!’’ लगेच ती खोचून घ्यायची. एवढं झालं की रांगेच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी विनाकारणही ओरडायची आणि सगळ्या हसायच्या. इंजिनाच्या धडधडाटात दिवसभर हाका चालत. ‘‘पदर वं सखू!’’ ‘‘पदर, हलिमा!’’ मला खाली त्या हाकांची इतकी सवय झाली होती की त्या ऐकून मी वेळ ओळखायचो. सकाळी विरळ, उन्हं कलली आणि बाया थकल्या की दाट.

लढाई सुरू होती ती कुठे दूर, पण आमच्या अंगावरचे कपडे तिने नेले. कापड कंट्रोलमध्ये गेलं, मोजूनमापून मिळू लागलं. आमच्या जिल्ह्यातून कापसाच्या गाठींवर गाठी जऊळक्याच्या स्टेशनातून गाडीत चढत होत्या, आणि त्या गाठी बांधणाऱ्यांच्या घरी नेसायला नव्हतं. हे लिहिताना आजही मला संताप येतो. अक्काकडे आणि तिच्या लेकीकडे, शेवंताकडे, दोघींत मिळून एक धड लुगडं होतं. ते नेसून अक्का जिनात येई. तोवर शेवंता घरात जुन्या धडप्यांत, दाराला कडी लावून. अक्का घरी गेली की शेवंता तेच लुगडं नेसून भाजीची पाटी घेऊन बाजारात जाई. पोर उपवर झालेली. रिसोडचे लोक होळीनंतर बघायला येतो म्हणाले होते. त्या लुगड्याच्या पदराला अक्काने माझ्या जुन्या निळ्या सदऱ्याचं ठिगळ लावलं होतं. ठिगळाच्या लुगड्यात लेकीला पाहुण्यांपुढे कशी बसवायची, हा तिच्या जिवाला घोर होता.

त्या हंगामात जिनाला नवे म्यानेजर आले. तरुण, चष्म्याचे, बोलायला गोड. बायांवर आवाज चढवत नसत. आधीचा मुकादम शिव्या देई, ह्यांनी त्या बंद केल्या. त्यांचं म्हणणं असं की माणसाला हाकलून काम होत नाही, हुरूप द्यावा लागतो. एका सकाळी त्यांनी रांगेच्या टोकाला, सगळ्यांना दिसेल असा, भिंतीत एक मोठा खिळा ठोकून घेतला आणि त्याच्यावर एक कोरं करकरीत हिरवं नऊवारी लुगडं टांगलं. ज्या बाईच्या रेच्यातून होळीपर्यंत सगळ्यांत जास्त रुई पडेल, तिला ते बक्षीस.

मी तेल भरायला वर आलो होतो, म्हणून मला ते दृश्य दिसलं. बाया नुसत्या बघत राहिल्या. सखू म्हातारी पुढे गेली आणि तिने ते लुगडं हाताने चाचपून पाहिलं, मग हात पुसले. आपल्या हाताची धूळ त्याला लागली असेल या भीतीने तिने काठाला हळूच फुंकर मारली.

हुरूप आला, हे नाकारता येणार नाही. रुई वाढली. म्यानेजर खूश झाले, वरचे मालकही खूश झाले असतील. पण मी खालचा माणूस, मला खालचं दिसत होतं. पावलं जागची हलेनाशी झाली. हलिमाची बोटं फळीवर आवळली जायची आणि आवळलेलीच राहायची. शेजारचं भेगांचं पाऊल आता तिच्याकडे सरकत नव्हतं. आपण हलिमाचा रेचा भरवला तर ती रुई हलिमाच्या नावावर जाणार, आणि तेवढा वेळ आपला रेचा मागे पडणार, हे रांगेतल्या प्रत्येकीला कळलं होतं. कोणी कोणाशी भांडलं नाही. फक्त वारंगुळा मोडला.

आणि एक दिवस बुधली हातात धरून मी खाली थबकलो. काहीतरी कमी होतं. इंजिन चालू होतं, रेचे चालू होते, पट्टे फटफटत होते. मग कळलं. हाका बंद झाल्या होत्या. ‘‘पदर!’’ म्हणायला मान वळवावी लागते, आणि मान वळवली की हात मंदावतो. उन्हं कलायची वेळ होती, एरवी हाकांचा नुसता गलका असायचा, आणि वर एकही हाक नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी अक्काला गाठलं. ती लिंबाखाली भाकर खात होती, एकटी. हलिमा दुसऱ्या बाजूला तोंड करून बसली होती.

‘‘अक्का, हलिमाबी खोकून खोकून अर्धी झाली. पाहून नाही राह्यली काय तू?’’

‘‘पाहून राह्यली,’’ अक्का म्हणाली. ‘‘पाह्यलं तं हात थांबते. हात थांबला तं ते लुगडं सखूले जाते.’’

‘‘अन् तुया पदर कोण पाह्यते?’’

ती हसली. तिला हसताना मी त्या हंगामात एवढंच पाहिलं. ‘‘अरे, फाटक्या पदराले काय होते? पोरगी दार लावून बसते रे दिवसभर. शेजारची बाई वाण घेऊन आली तं तिनं दार नाही उघडलं. मले एक लुगडं पाह्यजे, बस. मंग तू म्हणशील तितक्या खेपा हलिमाचा रेचा चालवतो मी.’’

मी म्यानेजरांकडे गेलो. तेलवाल्याने कचेरीच्या दारात उभं राहणं म्हणजे मोठंच धाडस होतं, पण गेलो. म्हटलं, साहेब, बाया एकमेकींले हाका मारत नाहीत, पदराचं कोणी सांगत नाही, पट्ट्याजवळचं काम आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘‘म्हणजे बडबड बंद झाली म्हणा की! अरे, हेच तर पाहिजे. कामात लक्ष लागलं की माणूस गप्प होतो.’’ त्यांना खरोखरच आनंद झाला होता. वाईट माणूस असता तर मला भांडता आलं असतं. मी मान हलवली आणि पायऱ्या उतरलो.

फाल्गुन लागला. रिसोडच्या रस्त्याला पळस पेटले. जिनात पत्र्याखाली असा उकाडा की बायांच्या घामावर रुई चिकटून त्या पांढऱ्या दिसत. अक्का पुढे होती. सखू मागे, बाकीच्या आणखी मागे. होळी जवळ आली तसं म्यानेजर रोज रांगेवरून चक्कर मारायचे आणि अक्कापाशी थांबून ‘‘शाब्बास’’ म्हणायचे. त्या शब्दाने ती लाजायची. तिला घरी, मळ्यात, साऱ्या जन्मात कोणी शाब्बास म्हटलं नव्हतं. ती दाजींना सांगायची, साहेब आज पुन्हा थांबले होते. माणसाला शाब्बास म्हणायला पैसा पडत नाही, आणि ते ऐकायला माणूस किती आसुसलेला असतो, हे मला तेव्हा दिसलं. नुसतं तेवढंच दिलं असतं आणि लुगडं सगळ्यांना दिलं असतं, तर काय बिघडलं असतं, असं मला वाटत राहतं.

ज्या दुपारी ते झालं, तेव्हा मी खालीच होतो. दांड्याजवळ बुधली टेकवून सरकी झटकत होतो. वरच्या भोकातून पट्ट्याबरोबर काहीतरी खाली आलं आणि दांड्याला गुंडाळू लागलं. कापड होतं. एक वेढा बसला, दुसरा बसला, आणि मग माझ्या डोळ्यांसमोरून निळं ठिगळ फिरलं. माझ्या सदऱ्याचं. मी किंचाळत धावलो, पट्टा उतरवायचा दांडका शोधला, तो लगेच सापडला नाही. वर कोणीतरी ओरडलं. इंजिन थांबायला वेळ लागतो. चाक एकदा गतीत आलं की माणसाने थांब म्हटल्याने थांबत नाही.

वर गेलो तेव्हा पदर कापून अक्काला फळ्यांवर निजवलं होतं. मानेला पदराचा फास बसला होता. डोळे उघडे होते, आणि पापण्यांवर रुई होती. हलिमा तिचे पाय धरून बसली होती.

‘‘मी पाह्यलं नाही रे भाऊ,’’ ती म्हणत होती. ‘‘बाजूले उभी होती मी. मी रुईकडे पाहून राह्यली होती. एक हाक मारली असती तं...’’ आणि तिला खोकल्याची उबळ आली. तिचा रेचा शेजारी मोकळाच फिरत राहिला आणि मग इंजिनाबरोबर थांबला.

फौजदार आला, पाहून गेला. म्यानेजर पांढरेफटक पडले होते. त्यांनी स्वतःच्या हाताने खिळ्यावरचं लुगडं काढलं, घडी घातली आणि दाजींपुढे धरलं. म्हणाले, ‘‘हे तिचंच आहे. तीच पुढे होती.’’ त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. दाजींनी लुगडं घेतलं. नको म्हणायला माणसाच्या अंगात काही बळ उरावं लागतं.

अक्का सवाष्ण गेली. सवाष्णीला नवं हिरवं लुगडं नेसवून, हळदकुंकू लावून, ओटी भरून पाठवायचं, ही आमची रीत. अंगावरचं जुनं लुगडं यंत्राने खाल्लं होतं. घरात नवं एकच, ते बक्षिसाचं. जमलेल्यांतल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं, तेच नेसवा, तिच्या कमाईचं आहे, तिच्यासंगं जाऊ द्या. बरोबरच होतं. आणि आतल्या खोलीत, दाराला कडी लावून, शेवंता रडत होती. आई अंगणात मरून पडली होती आणि त्या पोरीला आईजवळ येता येत नव्हतं, कारण अंगावर नेसून बाहेर यायला काही नव्हतं. दाजी ते लुगडं मांडीवर घेऊन बसले. ते कोणाकडे द्यावं हे त्यांना कळेना. मला पण कळेना.

हलिमा उठून निघून गेली. आम्हाला वाटलं, आमच्या रीतीभातीत तिला काय, म्हणून गेली असेल. थोड्या वेळाने ती परत आली. छातीशी एक पांढरं कापड होतं, लढाईच्या आधी घेतलेलं. मंगरूळपीरच्या दर्ग्यात नेऊन, मजारीला लावून आणलेलं. स्वतःच्या कफनासाठी तिने ते पेटीत राखून ठेवलं होतं. ते तिने दाजींपुढे ठेवलं.

‘‘हे घ्या, दाजी. मी तं अजून जिती हाये. ते लुगडं पोरीले द्या. गिरजा त्याच्यासाठीच...’’

मघाचा म्हातारा पुटपुटला, ‘‘पण हे पांढरं, अन् त्यात तिचं...’’

दाजी पहिल्यांदाच बोलले. ‘‘हळद आणा,’’ म्हणाले.

जिनातल्या बायांनी पाट्यावर हळद वाटली. परातीत पाणी घेतलं आणि ते कापड त्यात बुडवलं. सखूने पिळलं, हलिमाने झटकलं. ओलं पिवळं कापड त्यांनी अक्काला नेसवलं. नेसवताना हलिमाने पदर तिच्या डोक्यावरून घेतला आणि घट्ट खोचला. मग दार उघडलं, आणि शेवंता हिरवं कोरं लुगडं नेसून बाहेर आली. घडीच्या मोडी अजून तशाच होत्या. एवढी सुंदर ती मला कधी दिसली नव्हती, आणि तिच्याकडे मला पाहवेना.

बऱ्याच वर्षांनी, जिन सोडल्यावर, मी एका तेलाच्या घाण्यावर मिस्त्री झालो. तिथल्या मालकांनी एकदा मला विचारलं, मिस्त्री, माणसांनी चांगलं काम करावं म्हणून एखादं बक्षीस ठेवू या का? मी म्हटलं, ठेवू नका, द्या. आधी सगळ्यांना द्या, मग काम सांगा. ते हसले. त्यांना वाटलं मी कामगारांची बाजू घेतो. मी कोणाचीच बाजू घेत नव्हतो. मला फक्त एवढं ठाऊक होतं की ज्या वस्तूवाचून माणसाची लाज उघडी पडते, ती वस्तू उंच टांगून त्याला पळायला लावलं तर तो पळतो, आणि आपण म्हणतो, काय हुरूप आला आहे. हे मी त्यांना सांगितलं नाही. घाण्यावर बक्षीस सुरू झालंच.

त्या होळीनंतर रिसोडचे लोक आले नाहीत. आई अशी गेलेली मुलगी, त्यांना नको वाटलं असेल. पुढच्या हंगामात, बाभळींना पुन्हा कापूस लागला तेव्हा, शेवंता आईच्या रेच्यावर उभी राहिली. दाजींना दम लागायचा, मळा एकट्याने होत नव्हता. चष्म्याचे म्यानेजर बदलून गेले होते. माणूस बदलला, खिळा तोच राहिला. नव्या माणसाने त्यावर नवं लुगडं टांगलं, तांबडं. आणि एक सुधारणाही केली. जिची रुई सगळ्यांत कमी, तिला संक्रांतीनंतर कायमची रजा.

हलिमा शेवंताच्या शेजारीच होती. मी खालून तिची पावलं पाहायचो. ती आता रुळाकडे तोंड करून उभी राहतच नव्हती. एक पाऊल कायम शेवंताकडे वळलेलं. शेवंताचं हिरवं लुगडं अजून नव्यासारखं, पदर सुळसुळीत, सारखा घसरायचा. साऱ्या मुक्या जिनात एकच आवाज यायचा, ‘‘पदर, पोरी!’’ आणि मग खोकला. पुन्हा ‘‘पदर, पोरी!’’ बाकीच्या रांगेत कोणी मान वर करत नसे. हलिमाच्या रेच्यातून रुई किती पडत होती ते सांगायला नको. शेजारणीच्या पदराकडे पाहणाऱ्या बाईची रुई कमीच पडणार.

संक्रांत झाली आणि तिला रजा मिळाली. ती निघाली तेव्हा मी बुधली घेऊन वरच होतो. तिने शेवंताचा पदर ओढून कमरेला खोचला, वरून थोपटला.

‘‘आता तुया पदर तूच पाह्यजो, माय,’’ म्हणाली, आणि वळून न बघता गेली.

भोंगा झाला. बाया आपापल्या रेच्यापाशी गेल्या. मी खाली उतरायला लागलो तर शेवंताने हाक मारली. वाकून, हळू आवाजात विचारलं, ‘‘मामा, खालून दिसते काय तुमाले माया पदर?’’

‘‘दिसते ना,’’ मी म्हटलं. ‘‘तू काम कर बिनघोर.’’

फटींतून मला तिची पावलं तेवढी दिसत होती, कोवळी, आईसारख्याच मातीच्या टाचांची. पदर कसा दिसणार? पण त्या दिवसापासून हंगाम संपेपर्यंत, तेल घालता घालता, मला वाटेल तेव्हा मी खालून ओरडायचो, ‘‘पदर!’’ घसरला आहे की नाही, काही माहीत नसायचं. वर ती पावलं जराशी थांबायची, आणि मी श्वास धरून वाट पाहायचो, ती पुन्हा हलेपर्यंत.